नव्वद क्रेडिट आणि एक पत्र
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातलं शिक्षण’ असा विषय दिला होता. तो इतका मोठा आहे की पंधरा मिनिटांत त्यावर जे बोलता येईल ते तुम्हा सगळ्यांना आधीच माहीत आहे. म्हणून त्यातला एक लहानसा कोपरा घेते. अमेरिकेत पायाचा डॉक्टर व्हायचं असेल तर बॅचलरची पदवी हातात येण्याआधी अर्ज करता येतो का, आणि येत असेल तर करावा का?

मागच्या बाकांवरून हसू ऐकू येतंय. तीस वर्षांत बाक बदलले, त्यांवरची मंडळी तीच आहेत. पण गेल्या दोन वर्षांत आपल्याच तुकडीतल्या तिघांनी मला याच प्रश्नासाठी फोन केले. कुणाचा पुतण्या तिकडे आहे, कुणाची बहिणीची मुलगी. आणि आमच्या घरात तर हा प्रश्न वर्षभर जेवणाच्या टेबलावर होता, कारण माझ्या भावाची मुलगी ओहायोत वाढली आणि तिला पोडायट्रिस्टच व्हायचं होतं. मी सॉफ्टवेअरवाली, वैद्यकातलं मला काही कळत नाही. नियमांचे लांबलचक कागद वाचायची मात्र रोजची सवय आहे, त्यामुळे “आत्या, एवढं वाचून सांग ना” म्हणत ती सगळे कागद माझ्याकडे पाठवायची.

आधी पोडायट्री म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे पायाला लागलं की हाडांच्या डॉक्टरकडे जातात, भोवरी झाली की मेडिकलच्या दुकानातून पट्टी आणतात आणि मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळली की सर्जनकडे. अमेरिकेत पाऊल आणि घोटा एवढ्यापुरताच वेगळा डॉक्टर असतो. त्याची पदवी डीपीएम. चार वर्षं कॉलेज, त्यानंतर हॉस्पिटलात तीन वर्षं रेसिडेन्सी. तो औषधं लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो. घोट्याच्या किती वरपर्यंत हात लावायचा हे राज्याराज्याप्रमाणे बदलतं. अशी कॉलेजं सगळ्या अमेरिकेत मिळून डझनाच्या आत आहेत. न्यूयॉर्कचं १९११ सालचं, शिकागोजवळचं १९१२ सालचं. हे दुसरं विल्यम शोल यांनी काढलेलं. त्यांच्याच नावाच्या भोवरीच्या पट्ट्या आणि जोड्यात घालायचे तळवे अजून दुकानांत मिळतात. अगदी अलीकडचं एक टेक्ससमध्ये, २०२२ साली सुरू झालेलं.

माझ्या भाचीला हे वेड कुठून लागलं? आईमुळे, म्हणजे तिच्या आजीमुळे. आईला वीस वर्षांचा मधुमेह. पायाची संवेदना हळूहळू गेली, चपलेतला खडा कळला नाही, जखम झाली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. त्या वर्षी सुटीत ही पोरगी इथे होती. नंतर तिकडे एका पोडायट्रिस्टच्या दवाखान्यात ती मदतीला जायला लागली. तिथे नायलॉनचा एक बारीक तंतू पावलावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात आणि रुग्णाला विचारतात, कळलं का? दहा ग्रॅमचा दाब. तो कळला नाही तर त्या पायाला धोका आहे असं समजायचं. ती मला म्हणाली, “आत्या, आजीला हे कुणी आधी केलं असतं तर?” आपल्या देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलं. तेव्हा तिचा प्रश्न एका आजीपुरता नव्हता.

आता नियमाकडे येते. अमेरिकेत बॅचलरची पदवी चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिटची. डॉक्टरकीचं कॉलेज त्याच्या पुढे. पण पोडायट्रीच्या कॉलेजांत किमान अट ९० सेमिस्टर क्रेडिटची, म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासाची असते. त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, इंग्रजी हे ठरावीक विषय प्रयोगांसकट झालेले हवेत. पदवी हवीच, असं ती अट म्हणत नाही. प्रत्यक्षात वर्गात बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे पदवी असते. तीन वर्षांवर आलेला विद्यार्थी हा अपवाद. पण दार उघडं आहे, आणि ते मागचं दार नाही. कॉलेजांच्या माहितीपत्रकात ही अट सरळ छापलेली असते.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलेले आपल्या तुकडीत निदान सहा जण तरी असतील. त्यांनी बारावीची परीक्षा दिलीच नाही, आणि त्यांचं काही अडलं नाही. पण त्यांच्या हातात डिप्लोमा होता. दुसऱ्या वर्षाला कुणी कंटाळून सोडलं असतं तरी तो कारखान्यात डिप्लोमा दाखवू शकला असता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वर्ष वाचतं म्हणजे काय वाचतं ते पाहू. एका वर्षाची फी वाचते, आणि ती तिकडे थोडी नसते. कमाई एक वर्ष आधी सुरू होते. शिवाय २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून सरकारी शिक्षणकर्जाला नवी मर्यादा आली आहे: डॉक्टरकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना, पोडायट्री धरून, वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर. चार वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासकट त्यापुढे सहज जातो. तेव्हा आधीच्या पदवीवर एक वर्ष कमी खर्च झालं तर घराला जाणवतं. (आपली जी मुलं आईवडिलांच्या व्हिसावर, म्हणजे एच-४ वर तिकडे आहेत त्यांना हे सरकारी कर्ज मिळतच नाही. ते हिशेब आणखी वेगळे.)

आता वेळापत्रक. घोटाळा इथेच होतो. अर्ज एका सामाईक सेवेतून करायचा असतो आणि तो पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी ऑगस्टमध्ये सुरू होतो. म्हणजे तीन वर्षांवर जायचं असेल तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. त्या वेळी हातात साठ-पासष्टच क्रेडिट असतात. ऑरगॅनिक केमिस्ट्री दुसऱ्या वर्षातच उरकलेली हवी, आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा बहुतेक दुसऱ्या वर्षानंतरच्या सुटीपर्यंत दिलेली हवी. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत ज्याच्या डोक्यात हा विचार येतो त्याच्यासाठी ही वाट बहुधा बंद झालेली असते. माझी भाची शाळेत असताना एपीच्या परीक्षा देऊन आली होती, त्याचे क्रेडिट तिला कॉलेजात मिळाले होते, म्हणून तिचं जमलं.

तिला एका कॉलेजातून होकार आला. घरात पेढे वाटायच्या आधीच भांडण सुरू झालं. भाऊ म्हणाला, आधी पदवी पूर्ण कर. वहिनी म्हणाली, मिळतंय ते सोडू नको. आई इथून फोनवर म्हणाली, “अगं, पदवी नसलेली डॉक्टर असते का कुठे?” आईची शंका ऐकून पोरगी हसली. डीपीएम झाल्यावर तुझं बीएस कुठाय, असं तिला कुठलाही रुग्ण विचारणार नाही. रेसिडेन्सीसाठी आणि परवान्यासाठी लागतं ते डीपीएमच. लोक काय म्हणतील या कारणासाठी पदवी हवी असेल तर ती खुशाल सोडावी, हे माझंही मत.

पण आईच्या शंकेत वेगळंच एक तथ्य होतं, आणि ते मला माझ्या धंद्यामुळे दिसलं. आमच्याकडे चालू असलेल्या सिस्टिममध्ये मोठा बदल करायचा असेल तर आधी एक कागद लिहावा लागतो: बदल फसला तर मागे कसं यायचं. तो नसेल तर बदलाला परवानगी नाही, मग बदल कितीही चांगला असो. आम्ही त्याला रोलबॅक म्हणतो. समजा ही पोरगी तीन वर्षांवर गेली आणि दीड वर्षाने तिला वाटलं की पाय हा आपला विषय नव्हे, किंवा दुसऱ्या वर्षानंतरच्या बोर्डाच्या परीक्षेत अडकली, किंवा आजारी पडली. तेव्हा तिच्याकडे काय असेल? कॉलेजात घालवलेली साडेचार वर्षं, डोक्यावर कर्ज आणि कागदावर फक्त हायस्कूल. डिप्लोमावाल्याकडे डिप्लोमा होता. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, एका वर्षावर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, तीनवर पदवी अशा पायऱ्या तरी लिहिल्या आहेत. तिकडच्या चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला उठून गेलं तर बहुधा काहीच हातात पडत नाही.

आणि डीपीएम हे पुढेही अरुंद आहे. एमबीबीएसला गेलेला मुलगा अठराव्या वर्षी ‘डॉक्टर’ एवढंच ठरवतो. डोळे की हृदय की मुलं, ते नंतर. पोडायट्रीला जाणारी मुलगी विसाव्या वर्षीच पाऊल निवडते, आणि तिथून हृदयाकडे जायची वाट नाही. प्रवेश एमडीच्या मानाने सोपा असतो, म्हणून काही जण एमडी मिळणार नाही या भीतीने इकडे वळतात. मला त्यांची जास्त काळजी वाटते. पायाची आवड नसताना सात वर्षं पाय बघायचे म्हणजे अवघड आहे हो.

मार्ग निघाला तो असा. काही कॉलेजांचे पोडायट्रीच्या कॉलेजांशी करार असतात: तीन अधिक चार. विद्यार्थी तीन वर्षांनी जातो आणि पोडायट्रीच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट मूळ कॉलेज चौथं वर्ष म्हणून धरतं आणि पदवी देतं. भाचीच्या कॉलेजचा असा करार नव्हता. पोडायट्रीच्या प्रवेश विभागाला विचारलं तर ते म्हणाले, आमची काही हरकत नाही. साहजिकच आहे, त्यांची हरकत असायचं कारणच नाही! पदवी देणारं कॉलेज दुसरं. बहुतेक कॉलेजांचा नियम असतो की शेवटचे ठरावीक क्रेडिट आमच्याकडेच व्हायला हवेत. तिच्या कॉलेजचाही होता.

मी तिला म्हटलं, तोंडी काही नको. अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजीचे अभ्यासक्रम छापून घे, प्रत्येकापुढे तुमचा कुठला विषय याने भरून निघतो ते लिही आणि विभागप्रमुखांकडे जा. ती चार वेळा गेली. पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा रजिस्ट्रारकडे पाठवलं, रजिस्ट्रारने परत विभागाकडे. (सरकारी कचेऱ्या फक्त आपल्याकडेच असतात असं समजू नका.) शेवटी पत्र मिळालं. पोडायट्रीच्या पहिल्या वर्षाचे ठरलेले विषय उत्तीर्ण झाल्यास ते धरले जातील. इतिहासाचा एक आणि लेखनाचा एक विषय मात्र आमच्याकडेच पूर्ण करावा. ते दोन तिने उन्हाळ्यात केले आणि ऑगस्टमध्ये पोडायट्रीला गेली. पुढच्या मे महिन्यात तिला बीएस मिळालं. पदवीदानाच्या दिवशी तिला अॅनाटॉमीची परीक्षा होती, त्यामुळे ती गेलीच नाही. प्रमाणपत्र टपालाने आलं.

ओळखीतला एक मुलगा मात्र असं पत्र न घेता गेला होता, दुसऱ्या एका राज्यात. एका वर्षाने त्याने सोडलं. कारण घरचं होतं, अभ्यासाचं नव्हतं. तो जुन्या कॉलेजात परत आला तेव्हा त्याला दोन सेमिस्टर पुन्हा बसावं लागलं, कारण पोडायट्रीतले बहुतेक क्रेडिट त्यांनी धरले नाहीत. आता बरं चाललंय त्याचं, एका प्रयोगशाळेत आहे. पण वाचवायला निघालेलं वर्ष दुप्पट होऊन अंगावर आलं.

भाची आता तिसऱ्या वर्षात आहे. गेल्या सुटीत आली तेव्हा तिने आजीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तो नायलॉनचा तंतू काढला. आई म्हणाली, “पायाला हात लावतेस, आधी नमस्कार तरी कर.” डाव्या पावलावर तीन ठिकाणी आईला काही कळलं नाही. आता घरातसुद्धा चप्पल, आणि रोज रात्री आरशात तळवे बघायचे, असा हुकूम आहे. तो पाळला की नाही हे विचारायला ओहायोहून फोन येतो.

तर ज्या तिघांनी मला फोन केले होते त्यांना, आणि आणखी कुणाला विचारायचं असेल त्यांना: मुलाचं आत्ता कितवं वर्ष चालू आहे, ऑरगॅनिक झालंय का आणि त्याच्या कॉलेजचा करार आहे का, एवढं विचारून ठेवा. भाचीने केलेला विषयांचा तक्ता माझ्या फोनमध्ये आहे. जेवणाच्या वेळी मी डावीकडच्या टेबलावर, आपल्या इंग्रजीच्या बाईंच्या शेजारी बसणार आहे. तिथे या, पाठवून देते.