श्रवणयंत्राच्या जोडीला नवे साधन : घ्यावे की न घ्यावे?

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'श्रावक' हा शब्द ऐकणे या अर्थाच्या 'श्रु' धातूपासून आला आहे. जो ऐकतो तो श्रावक. म्हणूनच ज्येष्ठ श्रावकाला प्रवचन ऐकू येईनासे झाले की ते त्याच्या मनाला फार लागते, आणि बहुधा तो ते कोणाजवळ बोलत नाही. तो आधी मागच्या ओळीत बसू लागतो, पुढे महिन्यातून एखाद्या वेळी येतो, आणि एक दिवस गुडघ्यांचे निमित्त सांगून घरीच थांबतो.

असेच एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. त्यांना आप्पा म्हणावे. आयुष्यभर व्यापार केलेला. ट्रस्टच्या वार्षिक सभेत हिशेबावरचा पहिला प्रश्न त्यांचाच असे. चार वर्षांपूर्वी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसली. घरात समोरासमोर बसून बोललेले त्यांना नीट समजते. सभागृहात मात्र आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत. नातवाने माहिती काढली आहे की, यंत्राला जोडता येईल असा वेगळा मायक्रोफोन मिळतो, बोललेले लिहून दाखवणारी सोय मोबाईलवर आहे आणि ब्लूटूथचाही काही नवा प्रकार निघाला आहे. सूनबाईंच्या मते यंत्रच बदलून अधिक किमतीचे घ्यावे. आप्पा म्हणतात, "आता या वयात कशाला?" हा निर्णय कसा करावा, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम, चांगले यंत्र असूनही सभागृहात शब्द का निसटतात, हे समजून घेतले पाहिजे. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात आतील कानातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी हरवतात ते उंच पट्टीचे ध्वनी. स, श, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत दडलेली असते, स्वरांची ताकद खालच्या पट्टीत. त्यामुळे 'सात' म्हटले की 'हात' ऐकू येतो आणि ऐकणारा विनाकारण विसरभोळा ठरतो. त्यात अंतराची भर पडते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे एका मीटरवरचे वाक्य आठ मीटरवर १८ डेसिबलने क्षीण होते. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज ही घट थोडी भरून काढतो, परंतु तो उशिरा पोहोचतो आणि एका अक्षरावर दुसरे अक्षर चढते. गुळगुळीत संगमरवरी फरशी, उंच छत, डोक्यावर फिरणारे पंखे आणि मागे चाललेली कुजबुज, हे सारे यंत्र इमानेइतबारे मोठे करून कानात सोडते. नव्या यंत्रांतील गोंगाट कमी करणारी तंत्रे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. पण बारा मीटरवरच्या वक्त्याला कानाजवळ आणून बसवणे त्यांनाही साधत नाही. सूनबाईंचा सल्ला मायेचा असला तरी आप्पांची अडचण अंतराची आहे, आणि अधिक किमतीच्या यंत्राने ती सुटेलच असे नाही.

ती सोडवण्याचा मार्ग एकच : मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडाशी न्यावा आणि तिथला आवाज थेट यंत्रात उतरवावा. नातवाने आणलेल्या यादीतील बहुतेक साधने याच एका युक्तीची निरनिराळी रूपे आहेत.

त्यांतील सर्वांत जुने रूप आजही उपयोगी आहे. अनेक श्रवणयंत्रांत 'टेलिकॉइल' नावाचे तांब्याच्या तारेचे छोटे वेटोळे असते. टेलिफोनच्या रिसीव्हरमधून बाहेर पडणारे चुंबकीय क्षेत्र पकडून संभाषण ऐकवावे, यासाठी ते आले. नाव त्यावरूनच पडले. सभागृहाच्या कडेने एक तार फिरवून ती ध्वनिक्षेपक यंत्रणेला खास ॲम्प्लिफायरमार्फत जोडली, तर त्या वेढ्याच्या आत कोठेही बसलेल्या माणसाने यंत्र 'टी' वर ठेवताच मायक्रोफोनवरचे बोलणे थेट कानात येते. यास 'लूप' म्हणतात. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. तेथील अनेक चर्चमध्ये, तिकीट खिडक्यांवर आणि लंडनच्या काळ्या टॅक्सींमध्येही ही सोय आढळते. भारतात ती क्वचितच दिसते. लूप बसवणेही वाटते तितके सोपे नसते. काँक्रीटमधील लोखंडी सळ्या चुंबकीय क्षेत्र क्षीण करतात आणि जवळच्या विजेच्या तारांमुळे कानात गुणगुण येते. म्हणून आधी मोजमाप, मग तार. फरशी नव्याने घालायची असेल तर तार त्याच वेळी टाकून घेणे सोयीचे. फरशी झाल्यावर तारेची आठवण होणे हे तर बांधकाम समित्यांच्या नशिबी असतेच.

लूप सर्वांसाठी असतो. दूरस्थ मायक्रोफोन एकट्यासाठी. पेनाएवढे किंवा लहान डबीएवढे हे उपकरण वक्त्याच्या कपड्याला अडकवायचे अथवा त्याच्या पुढ्यात मेजावर ठेवायचे. आवाज बिनतारी पद्धतीने यंत्रात येतो. गोंगाटात व दूर अंतरावर त्याचा लाभ मोठा असतो. मात्र ते बहुधा यंत्राच्याच कंपनीचे घ्यावे लागते आणि दर वेळी चार्ज करण्याची आठवण ठेवावी लागते. खरी अडचण याहून वेगळी आहे. आप्पांना उठून वक्त्यापाशी जावे लागते, चारचौघांत ते उपकरण पुढे करावे लागते आणि म्हणावे लागते, "मला ऐकू येत नाही, कृपया हे जवळ ठेवा." ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला उसने दिले, त्यांना एवढे मागणेही जड जाते. कित्येक घरांत अशी उपकरणे कपाटात पडून राहतात, त्याचे कारण बरेचदा हेच असते. तेव्हा साधन आप्पांनी विकत घ्यावे, परंतु ते मेजावर ठेवण्याचे काम सभेच्या व्यवस्थापकाने न सांगता करावे. असे घडणार नसेल, तर ते पैसे खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

काही परंपरांमध्ये साधु-साध्वी ध्वनिक्षेपकाचा वापर करीत नाहीत. तेथे वरील दोन्ही साधने आपोआपच बाद होतात. मग पहिल्या ओळीतील जागा, वक्त्याच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड आणि जवळचे पंखे बंद, एवढेच हाती उरते. तेही थोडे नाही, कारण ओठांची हालचाल दिसली की निसटलेली व्यंजने बरीचशी सापडतात. सामायिकात यंत्र कानाला असावे की नसावे, हे आपापल्या गुरुजनांना विचारावे.

मोबाईलवर अक्षरे दाखवणारी सोय सर्वांत स्वस्त आहे. गुगलने गॅलोडेट विद्यापीठाच्या सहकार्याने २०१९ साली आणलेले 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' मराठीही लिहून दाखवते. दवाखान्यात डॉक्टर समोर बसून गोळ्यांच्या वेळा सांगत असतील, तर ते उत्तम. प्रवचनात प्राकृत गाथा आणि पारिभाषिक शब्द सुरू झाले की अक्षरे भरकटतात, आणि मान सतत खाली राहते.

ब्लूटूथचा जो नवा प्रकार नातवाने सांगितला, तो २०२२ साली 'ऑराकास्ट' या नावाने जाहीर झाला. एका प्रक्षेपकावरून कितीही जणांच्या यंत्रांत एकाच वेळी आवाज पोहोचवता येतो आणि तार पुरावी लागत नाही. कल्पना उत्तम आहे. पण त्यासाठी कानातील यंत्रही त्या क्षमतेचे हवे, आणि सभागृहातही प्रक्षेपक हवा. आप्पांच्या यंत्रात ती सोय असण्याची शक्यता फार थोडी. केवळ तेवढ्यासाठी चांगली चाललेली यंत्रे टाकून देणे शहाणपणाचे ठरणार नाही. पुढे यंत्रे बदलण्याची वेळ आलीच, तर टेलिकॉइल आणि ही नवी सोय दोन्ही असलेले यंत्र मागावे.

विक्रेत्यांच्या एका बोलण्याविषयी सावध राहावे. यंत्र लावले की स्मरणशक्ती टिकते, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे झालेला अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांचा एकत्रित विचार करता श्रवणोपचाराने बौद्धिक ऱ्हासात फरक पडल्याचे दिसले नाही. मुळातच धोका अधिक असलेल्या गटात मात्र ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. आशेला जागा आहे, हमीला नाही. शिवाय त्या अभ्यासातील उपचारात श्रवणयंत्रांच्या जोडीला पूरक साधनेही होती, त्यामुळे एकट्या मायक्रोफोनचा परिणाम त्यावरून कळत नाही.

मग आप्पांनी करावे काय? आधी कानातील मळ काढून घ्यावा, श्रवणचाचणी नव्याने करावी आणि त्यानुसार यंत्राची जुळणी तपासावी. चार वर्षांत कान बदललेला असतो. मुंबईस वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत अशी तपासणी होते. ज्यांच्याकडे अद्याप यंत्रच नाही आणि परिस्थिती बेताची आहे, अशा ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. त्यातील साहाय्यक साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश आहे. त्यानंतर आप्पांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहावे की, कोठे, कोणाचे आणि कोणत्या वेळी ऐकू येत नाही. ही यादी मुलाने किंवा सुनेने करू नये. नवे साधन काही दिवस वापरून पाहण्यासाठी मागावे, आणि ते दुकानाच्या शांत खोलीत न तपासता याच सभागृहात, याच पंख्यांखाली, एरवीच्याच खुर्चीवर बसून पाहावे. शेजारच्याने वक्त्याची पाच वाक्ये लिहून घ्यावीत, आप्पांनीही लिहावीत. एकदा साधनासह, एकदा साधनाविना. दोन कागद शेजारी ठेवले की घ्यायचे की परत करायचे, याचे उत्तर मिळते. ते आप्पांनीच द्यायचे.

श्रवणतज्ज्ञाकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट विचारावी. यंत्रात टेलिकॉइल असूनही ते जुळणीच्या वेळी चालू करून दिलेले नसते, असे पुष्कळदा आढळते. अगदी छोट्या यंत्रांत ते नसतेही. असेल, तर ते चालू करून घेण्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. आणि आपल्या ज्येष्ठांपैकी किती जणांच्या यंत्रात ते आहे, याची यादी ट्रस्टच्या कार्यालयात झाली, तर लूप घालावा की नाही या प्रश्नाला वार्षिक सभेत आकड्यांसह हात घालता येईल. हिशेबावरचा पहिला प्रश्न विचारायला तेव्हा आप्पाही पुढच्या ओळीत असतील.