सही आली, वाचन राहिलं

टाकवे बुद्रुकच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

राब भाजून झालेत. लग्नसराई जोरात आहे. रोहिणी निघेपर्यंत दुपारचे दोन तास काय ते आपल्या हाताशी आहेत. एकदा पेरणी झाली, पाठोपाठ आवणी आली, की आपल्या अंदर मावळात कुणाला बसायला फुरसत नसते. म्हणून यंदा मे महिन्यात आम्ही एक ठरवलं. गटातल्या ज्या बाया साक्षरतेच्या वर्गात शिकवतात, त्यांनी आधी स्वतः वाचायचं आणि वर्गासाठी लागणारं सामान तयार करून ठेवायचं. हे का ठरवलं, ते आधी सांगतो.

आमच्या गटात एक मावशी आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना सही शिकवली. रोज पाटीवर गिरवून घेतली. बँकेत पहिली सही केली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. अंगठा गेला म्हणून आम्हालाही धन्य वाटलं. पुढे एका नात्यातल्या मुलाने खासगी फायनान्सचं कर्ज काढलं. "मावशी, इथे फक्त सही करा" म्हणाला. मावशींनी केली. सहा महिन्यांनी वसुलीचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा कळलं की ती सही जामीनदाराची होती. दोन शेळ्या विकून त्यांनी हप्ते भरले.

आम्हाला ती गोष्ट फार लागली. मावशी म्हणाल्या, "अंगठा लावत होते तेव्हा कुणीतरी वाचून तरी दाखवायचं. सही यायला लागली तसं विचारणंच बंद झालं." खरं आहे बायांनो. अंगठेवाली दिसली की साक्षीदार बोलावतात. सहीवाली दिसली की हिला वाचता येतं असं धरून चालतात. आम्ही मावशींना सही दिली, पण वाचन दिलं नाही. निम्मं शिकवलं, आणि ते निम्मंच महागात पडलं.

मग आम्ही वर्गाकडे नीट बघितलं. तिथेही तेच चाललं होतं. पुस्तकातलं पान बाया घडाघडा म्हणत होत्या. पण चित्र झाकलं की अडत. तोच शब्द दुसऱ्या कागदावर लिहून दिला की गप्प. म्हणजे पान पाठ झालं होतं, वाचता येत नव्हतं. चूक बायांची नव्हती. कसं शिकवायचं हे आम्हालाच कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही कधी पुस्तक उघडून बघितलं नव्हतं.

म्हणून या उन्हाळ्यात वाचन. एक जण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात, मग बोलतात.

पहिली माहिती आम्ही वाचली ती ब्राझील देशातली. पाउलो फ्रेरे नावाचे शिक्षक होते. १९६३ साली तिथल्या आंजिकोस गावात त्यांनी सुमारे तीनशे कष्टकरी माणसांना साधारण चाळीस तासांच्या वर्गात वाचायला शिकवलं. तेव्हा त्या देशात निरक्षराला मत द्यायचा हक्क नव्हता, म्हणजे अक्षर येण्यावर मत अवलंबून होतं. पुढच्याच वर्षी लष्कराची सत्ता आली आणि फ्रेरे यांना तुरुंगात टाकलं. गरिबाने वाचायला शिकणं कुणाकुणाला किती खुपतं बघा.

त्यांची रीत साधी होती. ते मुळाक्षरांपासून सुरू करत नसत. लोकांच्या कामातला एक शब्द घ्यायचा, उदाहरणार्थ 'वीट'. आधी त्यावर बोलायचं. वीट कोण पाडतं? पक्क्या घरात कोण राहतं? मग तो शब्द फोडायचा आणि त्याच्या तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे.

आपल्याकडेही अशा वाटेने काम झालेलं आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अक्षरांचे छोटे गट केले. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबायचं नाही. चार अक्षरं आणि एक काना आला की लगेच शब्द वाचायला लागायचं.

आम्ही ते आमच्या शब्दांवर करून बघितलं. मावळात कुठला शब्द घ्यायचा हे सांगायला नको. 'भात' घेतला आणि 'राब' घेतला. भ, त, र, ब ही चार अक्षरं आणि एक काना. त्यातून बघा किती निघतं: भात, राब, रात, तार, भार, भर, बरा, बारा, बाबा. 'बाबा, भात भर' असं अख्खं वाक्यसुद्धा झालं. एका आजींनी 'भात'च्या मध्ये 'र' ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या भातात तर भारत निघाला!" त्या दिवशी वर्गातून उठायला कुणी तयार नव्हतं.

दोन पुस्तकंही वाचली. दोन्ही मुलांच्या शाळेची आहेत, पण आम्हाला उपयोगी पडली. जपानमधलं 'तोत्तोचान' मराठीत मिळतं. त्यात मुख्याध्यापक एका लहान मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात आणि मग तिला शाळेत घेतात. आम्ही एकमेकींकडे बघितलं. नवी बाई वर्गात आली की आम्ही नाव लिहून पाटी हातात देत होतो, तिला दोन शब्द बोलू देत नव्हतो. दुसरं गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. त्यातला शिक्षक आधी गोष्टी सांगून मुलांना वर्गात रमवतो, मग धड्याकडे वळतो.

आता सामानाचं. वर्गाला लागणारं सामान विकत आणायची गरज नाही. या दिवसांत प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो. कोऱ्या बाजूचे तुकडे कापले की शब्दकार्डं झाली. छापील बाजूसुद्धा वाया घालवू नका. तारीख, वार, गाव, मुहूर्त, सगळं वाचायला तिथे आहे, आणि नावं ओळखीची असतात.

दुसरी आमची पिशवी. तिच्यात आहे रेशनकार्डाची प्रत, लाइट बिल, इंद्रायणी भाताच्या बियाण्याची रिकामी पिशवी, गोळ्यांचं पाकीट आणि गटाचं पासबुक. लाइट बिलावर भरायची शेवटची तारीख शोधायची. गोळ्यांच्या पाकिटावर मुदत संपायचा महिना शोधायचा. अक्षर बारीक असतं आणि पुष्कळदा इंग्रजी असतं, पण आकडे ओळखता येतात. गणित आमच्या वहीवर करतो. पाच हजारांच्या कर्जाला महिना दोन टक्के व्याज म्हणजे शंभर रुपये. हे जिला स्वतःच्या पानावर मांडता आलं, तिला पुढे कुणी फसवताना दहा वेळा विचार करेल.

तिसरी गोष्ट आपल्या गळ्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. म्हणजे जिला आपण निरक्षर म्हणतो, तिच्याजवळ ग्रंथच असतो, फक्त लिहिलेला नसतो. आम्ही आजींना ओवी म्हणायला लावतो, मोठ्या अक्षरात लिहून घेतो आणि तीच त्यांना वाचायला देतो. पण इथेही पाठांतराचा धोका आहेच. म्हणून कागदाच्या पट्ट्या कापून उलटसुलट करतो आणि ओवी पुन्हा लावायला सांगतो. पट्टी बरोबर जागी गेली, की समजायचं वाचता आलं.

आणि सगळ्यात आधी डोळे तपासा. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर दिसतं. 'माझ्या डोक्यात काही शिरत नाही' म्हणणाऱ्या दोघी-तिघींना फक्त चष्मा हवा होता. चष्मा आला आणि अक्षरं दिसायला लागली.

सरकारचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात शिकता येतं आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. नावनोंदणीसाठी गावातल्या शाळेत विचारा. आपल्या राज्यात त्याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं, एकूण १५०. परीक्षा जरूर द्या, प्रमाणपत्र भिंतीवर लावा. पण त्या दिवशी वाचन थांबवू नका. वापरात नसलेलं अक्षर विसरायला वेळ लागत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. मुलांचं आहे म्हणून लाजू नका. नातवाशेजारी बसून वाचा.

आता मावशींबद्दल. त्यांना आम्ही 'जामीनदार' हा शब्द मुद्दाम शिकवला. सोबत त्याचा अर्थही सांगितला: १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर कर्ज घेणाऱ्याची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. आणि कर्जाचा कागद कर्जदाराला समजेल त्या भाषेत असावा, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तेव्हा मराठीत कागद मागायला लाजायचं नाही.

परवा गटाच्या ठरावावर सह्या घेत होतो. मावशींपुढे वही सरकवली तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "थांबा, मला वाचू द्या." पाच ओळींना त्यांना दहा मिनिटं लागली. जोडाक्षराला दोनदा अडल्या. आम्ही बारा जणी गप्प बसून होतो, कुणी घाई केली नाही. मग त्यांनी सही केली. त्या दिवशी पेढे आम्ही वाटले.

तर मैत्रिणींनो, पाऊस पडायच्या आत एवढं करा. घरातल्या पत्रिका जमवा. एखादीचे डोळे तपासून आणा. तुमच्या गावचे चार शब्द निवडा आणि त्यांतून किती शब्द निघतात ते बघा. आणि उद्यापासून आपल्या गटात कुणाकडूनही न वाचता सही घ्यायची नाही. आपल्या घरापासून सुरुवात केली, तरच बाहेरचा आपल्याला वाचायला वेळ देईल.