धाक होता, फाशी नव्हती

(मंडळाच्या व्याख्यानमालेत अभ्यासगटातर्फे केलेले भाषण)



चवथीच्या तोंडावर, माटोळीच्या सामानाची यादी करायच्या दिवसांत, फाशीवर बोलायला उभे राहणे आम्हालाही जड जाते. पण हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. मागे एका लहान मुलीवरील अत्याचाराची बातमी आली तेव्हा याच सभागृहात आपण निषेधसभा घेतली आणि 'गुन्हेगाराला फाशी द्या' अशा निवेदनावर सह्या केल्या. अभ्यासगटातल्या आम्हा चौघांच्याही सह्या त्यावर आहेत. सभा संपली, आणि पेडण्याकडच्या एका आजीने चपला घालता घालता विचारले, "फाशी दिल्यार रस्त्यार दिवो पेटतलो?" तिची नात संध्याकाळच्या बसने शिकवणीहून परतते. थांब्यापासून घरापर्यंतची वाट काळोखाची. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करू. निर्घृण गुन्हा करणारा मृत्यूला पात्र आहे का, हा न्यायाचा प्रश्न. त्याला फासावर दिल्याने दुसरा माणूस तसा गुन्हा करायला भितो का, हा धाकाचा प्रश्न. आपण बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो. राग पहिल्या प्रश्नाचा असतो आणि कारण दुसऱ्याचे देतो. आज आम्ही धाकाबद्दलच बोलणार आहोत.

आपल्याकडची वडीलधारी माणसे नेहमी सांगतात, "पोर्तुगीज काळात दारे उघडी टाकून झोपत असू. तेव्हा कायद्याचा धाक होता." हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या काळात गोव्यात फाशी नव्हती. पोर्तुगालने राजकीय गुन्ह्यांसाठी १८५२ मध्ये आणि इतर दिवाणी राज्यातल्या गुन्ह्यांसाठी १८६७ मध्ये देहदंड रद्द केला. १८७० मध्ये तोच नियम समुद्रापलीकडच्या प्रांतांना, म्हणजे आपल्यालाही, लागू झाला. तेव्हापासून १९६१ च्या मुक्तीपर्यंत नव्वद वर्षे खुनाला इथे सक्तमजुरी होती, हद्दपारी होती. पण फास नव्हता. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता आली आणि तिच्यातल्या कलम ३०२ बरोबर फाशी गोव्याच्या कायद्यात परत आली. म्हणजे आजोबा ज्या धाकाची आठवण काढतात तो फाशीविना होता, आणि ज्या काळाला बेधाक म्हणतात त्या काळात फाशी पुस्तकात आहे.

त्याआधी इथे फाशी नव्हती असे नाही. १७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर १५ जणांना पणजीत फासावर चढवले गेले आणि लोकांनी पाहावे म्हणून त्यांच्या प्रेतांची विटंबना केली गेली. जितकी दहशत बसवता येईल तितकी बसवली. तरीही पुढच्या शतकात सत्तरीचे राणे पुन्हा पुन्हा उठले. दीपाजी राण्यांचे बंड १८५२ चे. १८९५ च्या बंडानंतर दादा राण्यांना हद्दपार करून तिमोरला पाठवले गेले. बंड हा काही दरोडा नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी सत्तेने कितीही भीषण शिक्षा दाखवली तरी ज्याला करायचे तो करतो, हे या मातीने पाहिले आहे.

मग तो जुना धाक कशाचा होता? आम्ही घरच्या जुन्या माणसांना खोदून विचारले. उत्तरे बहुतेक एकाच वळणाची आली. गाव लहान. रेजिदोर प्रत्येकाला नावाने ओळखायचा. परका माणूस आला तर तिन्हीसांजेच्या आत सगळ्यांना कळायचे. काही केले तर दुसऱ्या दिवशी बोलावणे यायचे. आपण सापडू याची खात्री, हाच तो धाक.

त्यात दुसरीही गोष्ट मिसळलेली होती, ती लपवू नये. चौकीवर बेदम मार बसायचा. अस्नोड्याचे बाळा राया मापारी १९५५ च्या फेब्रुवारीत पोलिसांच्या छळाने गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या पेडण्यातल्या पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. फाशी रद्द केलेले सरकार दयाळू असते असा अर्थ कुणी काढू नये. पण त्याच राजवटीत मोहन रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली, त्यांना लिस्बनजवळच्या तुरुंगात ठेवले आणि १९६९ मध्ये ते जिवंत सुटून आले. पुढे अनेक वर्षे गोव्यातल्या गरजू मुलांच्या शिक्षणासाठी ते झटले. कायद्यात फास असता तर हा माणूस आपल्याला परत मिळाला असता का, असे मनात येतेच.

आता मुक्तीनंतरचे एक उदाहरण. ते कटू आहे, पण आपल्याच गोव्याचे आहे. फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचा महानंद नाईक २००९ मध्ये पकडला गेला. १९९४ पासून त्याने १६ स्त्रियांचे खून केले असा पोलिसांचा आरोप होता. गरीब घरच्या, लग्न जुळत नसलेल्या मुलींना लग्नाचे वचन द्यायचे, दागिने घालून यायला सांगायचे आणि त्यांच्याच ओढणीने गळा आवळायचा. काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, काहींत पुराव्याअभावी तो सुटला. ही पंधराही वर्षे फाशी कायद्यात होतीच. एवढेच नव्हे, ऑगस्ट २००४ मध्ये कोलकात्यात एका मुलीच्या खुन्याला फाशी झाली, तेव्हा आठवडाभर टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. ती बातमी गोव्यातही घरोघर पोचली. आरोपांनुसार इथले खून त्यानंतरही चालूच राहिले, अगदी २००९ पर्यंत.

तो कशाच्या जोरावर इतकी वर्षे मोकळा राहिला? शिक्षा सौम्य होती म्हणून नव्हे. एक मुलगी नाहीशी झाली की 'पळून गेली असेल' असे म्हणणे सोपे होते. वेगवेगळ्या नाहीशा झालेल्या मुलींचा धागा कुणी जोडला नाही. अखेर एका बेपत्ता मुलीचा तपास चिकाटीने झाला तेव्हा बाकीचे उलगडत गेले. पहिल्या-दुसऱ्या मुलीच्या वेळीच असा तपास झाला असता तर किती जणी आज आपल्या मुलांना शाळेत सोडत असत्या, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

बाहेरचा अनुभव वेगळा नाही. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंद केली, १९५० नंतर ती परत आली. सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलेले आकडे असे: फाशी नसताना १९४५ ते १९५० मध्ये ९६२ खून, फाशी आल्यावर १९५० ते १९५५ मध्ये ९६७. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, तिथे पुढच्या दशकांत खुनांचे प्रमाण वाढले नाही, उतरत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरचे सारे अभ्यास तपासले आणि सांगितले की फाशीने खून वाढतात, घटतात की तसेच राहतात, यांपैकी काहीही त्यांवरून ठरत नाही. म्हणजे 'फाशीने धाक बसत नाही हे सिद्ध झाले' असेही आम्ही म्हणणार नाही. 'बसतो' हे सिद्ध झालेले नाही, एवढे मात्र नक्की.

आपल्या देशातही मते बदलत गेली. १९६७ च्या अहवालात विधी आयोगाने फाशी ठेवावी असे म्हटले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य नाही, पण 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी असे ठरवले. २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. घटना समितीत १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपला कल फाशी रद्द करण्याकडे असल्याचे सांगितले होते.

कायद्यात फाशी असणे आणि ती होणे यांत किती अंतर आहे, तेही पाहा. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींना १९९६ मध्ये अटक झाली. २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी अंमलबजावणी होईना. शेवटी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारच्या अक्षम्य दिरंगाईमुळे, फाशीची जन्मठेप केली. अटकेपासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ. इतक्या लांबच्या आणि इतक्या अनिश्चित शिक्षेची जरब गुन्हेगाराच्या मनात कशी बसणार? दारूच्या धुंदीत, रागाच्या भरात किंवा 'मला कोण पकडतो' अशा घमेंडीत असलेला माणूस कलम वाचत बसत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे. अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा. 'तक्रार केलीस तर मामाला फाशी होईल' एवढे एक वाक्य घरातल्या पोरीचे तोंड बंद करायला पुरते. आणि अत्याचारालाही मृत्यू, खुनालाही मृत्यू, तर साक्षीदार जिवंत कशाला ठेवायचा, असा हिशेबही कुणी करील ही भीती कायद्याच्या जाणकारांनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे.

काही जण म्हणतील, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग सुटला." तसे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांआधी अशा कैद्याला सूट देता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आपण मराठी माणसे न्याय म्हटले की रामशास्त्र्यांचे नाव घेतो. नारायणरावांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, अशी परंपरा आहे. ते प्रायश्चित्त अमलात आले नाही. तरी अडीचशे वर्षांनंतर रामशास्त्री लक्षात राहिले, ते शिक्षेच्या कडकपणामुळे की दोषी कोण हे सत्तेच्या तोंडावर सांगण्याच्या धैर्यामुळे? आम्हाला वाटते, धैर्यामुळे. आपल्या गावात तेच कमी पडते. पाहिलेला माणूस 'नको ती कटकट' म्हणून साक्षीला जात नाही.

आमच्या गटात एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोघांना वाटते, काही गुन्हे असे असतात की त्यांना फाशीच हवी. दोघांना वाटते, नको. ज्यांची लेक गेली त्यांच्या दुःखापुढे हा वाद आम्ही मोठ्या आवाजात घालणार नाही. पण चौघांचेही एका गोष्टीवर एकमत झाले: फाशीची मागणी करून आपण आपल्या मुलींचे रक्षण केले, असे यापुढे मानायचे नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, पेडणे आणि डिचोलीतल्या आपल्या सभासदांनी बसथांब्यापासून घरापर्यंतच्या काळोख्या वाटांची यादी करावी आणि ती घेऊन मंडळाने पंचायतीकडे आणि वीज खात्याकडे जावे, दिवे लागेपर्यंत जावे. दुसरी, कुणाचे माणूस नाहीसे झाले, मग ते परप्रांतातून आलेल्या भाडेकरूचे का असेना, तर त्याच दिवशी दोघांनी त्याच्याबरोबर चौकीवर जावे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण चालत नाही. तिसरी, ज्याला साक्षीला जायचे आहे त्याला कोर्टात एकटे जाऊ द्यायचे नाही.

निषेधसभेला हे सभागृह भरले होते, बाहेर पायऱ्यांवरही माणसे होती. काळोख्या वाटांच्या यादीसाठी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिले नाव त्या आजीच्या वाटेचे लिहिले आहे. जाताना आपलेही लिहावे, अशी विनंती करून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया.