कुलवृत्तांतातील गाळलेली नावे



आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत आम्ही आवडीने चाळतो. मूळ गाव, कुलस्वामिनी, सनदा, सारे त्यांत सापडते. सापडत नाहीत ती तान्हेपणी गेलेली मुले आणि सासरी गेलेल्या लेकींची संतती. आज बोलावयाचे ते या गाळलेल्या नावांविषयीच.

१९५२ साली अमेरिकेत कर्नल ओग्डेन ब्रूटन या लष्करी डॉक्टरांनी, वारंवार गंभीर जंतुबाधा होणाऱ्या ८ वर्षांच्या एका मुलाचे रक्त तपासले. त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रोगजंतूंशी झुंजणारे द्रव्य, आढळलेच नाही. ते बाहेरून टोचू लागताच आजार आटोक्यात आला. या उणिवेचे मूळ एकाच जनुकातील बिघाडात आहे, हे १९९३ साली उकलले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. दोष वाहणारी माता स्वतः निरोगी असते. मात्र तिच्या प्रत्येक मुलग्यास तो मिळण्याचा संभव निम्मा. आईकडून आलेले संरक्षण काही महिने पुरते, मग दुखणी सुरू होतात.

म्हणून शोध घ्यावयाचा तो आजोळी. मामा, मावसभाऊ लहानपणी गेले काय? आमचे कुलवृत्तांत नेमके येथेच मुके होतात.

अशा घरी सुनेस 'पांढऱ्या पायाची' म्हणून हिणविले गेले. तिचा अपराध कोणता? जनुक कोणी निवडून घेत नाही. शिवाय अशा कित्येक दोषांत आईबाप दोघेही सारखेच वाहक असतात, आणि तेथे मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची जुनी हौस धोका वाढविते. हे काहींस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

सर्वांत भयंकर प्रकारात संरक्षणाच्या सर्वच फळ्या कोसळलेल्या असतात. त्या अर्भकास बी.सी.जी. लसच बाधू शकते, कारण तीत जिवंत जंतू असतात. निरोगी बालकास लस अवश्य द्यावी. पण घरात पूर्वी तान्हे मूल जंतुबाधेने गेले असेल, तर बाळंतपणापूर्वीच डॉक्टरांस सांगावे. रक्तातील लिम्फोसाइट पेशी मोजल्या तरी संशय येतो. १९६८ साली मिनियापोलिस येथे रॉबर्ट गुड यांनी बहिणीची अस्थिमज्जा देऊन असे एक बालक वाचविले. हा उपचार पहिल्या साडेतीन महिन्यांत झाल्यास यश फार मोठे. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या दोषांची तपासणी होते.

कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, कुलवृत्तांताच्या पुढील अर्जात दोन रकाने वाढवावेत: अल्पायुषी अपत्ये व त्यांचे दुखणे, आणि लेकींची मुले. ते छापू नयेत, दप्तरी ठेवावेत. आणि ते सासऱ्यांनी नव्हे, त्या मुलांच्या आईने भरावेत.