गोडाचा हात आवरताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



श्रीखंडाची पंगत मांडलेली असताना साखरेविरुद्ध बोलायला उभे राहणे म्हणजे सर्वांचा रोष ओढवून घेणे. पण आमच्या घरची हकीकत चिटणीसबाईंना ठाऊक आहे आणि ती इथे सांगावी, हा आग्रह त्यांचाच. मी डॉक्टर नाही. घरातले आजारी माणूस सांभाळताना जे चुकत चुकत शिकले, तेवढेच सांगते.

माझ्या मामंजींच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एका रात्री असा ठणका लागला की, पांघरलेली चादरसुद्धा सोसवेना. अंगठा लालबुंद, गरम आणि सुजलेला. तपासणीत गाऊट निघाला. रक्तात युरिक ॲसिड वाढले की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचतात आणि हे दुखणे उपटते. हे कळताच मी चारचौघींच्या सल्ल्याने तुरीचे वरण बंद केले, उसळी बंद केल्या, पालक बंद केला. मामंजी मांसमच्छी खात नाहीत. त्यांचे जेवण म्हणजे वरणभात. तेच गेल्यावर माणसाने खावे काय? त्यांचे मन राखण्यासाठी मी सकाळी गुळाचा सांजा, दुपारी उसाचा रस आणि संध्याकाळी सरबत देऊ लागले. उन्हाळ्याचे दिवस, पोटात थंडावा राहील, ही माझी समजूत! चहा चार वेळा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. पाय दुखला की औषधांच्या दुकानातून गोळी यायची, तीही कोणाला न विचारता.

काही महिन्यांनी पाय पुन्हा सुजला. या वेळी रक्तातले क्रिएटिनिनही वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले होते. नव्या डॉक्टरांनी विचारले, “गोड किती खातात?” हा प्रश्न तोवर आम्हांला कोणी विचारला नव्हता. मी हिशेब सांगू लागले आणि सांगता सांगताच गप्प झाले.

त्यांनी समजावले ते असे. आपली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जिरते. ते जिरवण्याच्या घाईत पेशींमधला शक्तीचा साठा खर्च होतो आणि त्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनते. म्हणजे मांसमच्छी, दारू यांच्यासारखीच साखरही ते वाढवते. एरवी शरीरातले सुमारे दोनतृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडे बाहेर टाकतात. तीच थकली की ते रक्तात तुंबते. शिवाय फार गोड खाण्याने वजन वाढते, मधुमेहाला वाट मिळते आणि मधुमेह हे तर मूत्रपिंडे निकामी होण्याचे एक प्रमुख कारण. त्यात मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डाळी आणि पालक मात्र गाऊटला मांसाइतके बाधत नाहीत, असे आढळले आहे. मी वरण बंद केले आणि रस चालू ठेवला. नेमके उलटे केले!

हे पुरुषांचे दुखणे म्हणून आपण बायकांनी निश्चिंत राहू नये. पाळी चालू असेपर्यंत आपल्या शरीरातले संप्रेरक युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करते. पाळी थांबली की तो आधार कमी होतो. अमेरिकेत सुमारे ७९,००० परिचारिकांच्या आहाराची १९८४ पासून २२ वर्षे नोंद ठेवली गेली. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. क्वचितच साखरेची शीतपेये घेणाऱ्यांच्या मानाने रोज एक घेणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण पावणेदोन पट होते आणि रोज दोन किंवा अधिक घेणाऱ्यांत दुपटीहून जास्त. संत्र्याच्या रसाचेही तसेच दिसले. अर्थात एकूण बायकांत हा रोग थोड्याच जणींना होतो, हेही खरे.

“मग गूळ वापरू, मध वापरू,” असे कोणी म्हणेल. मीही म्हटले होते. पण गूळ म्हणजे बव्हंशी साखरच आणि मधातही फ्रुक्टोज भरपूर. त्यातून गुळात पोटॅशियम असते आणि शहाळ्यातही. मूत्रपिंडे अशक्त असतील तर ते रक्तात साठून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला पौष्टिक म्हणून काहीही देऊ नये. फळ, डाळ, एवढेच काय पाणीसुद्धा किती, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे.

दुसरी बाजूही सांगते. मधुमेही रुग्ण इन्सुलिनवर असेल, त्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले आणि रक्तातली साखर उतरली असेल, तर त्या घटकेला साखर हेच औषध. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. मूत्रपिंडे अधू असतील त्याला फळाच्या रसापेक्षा तेच बरे. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. तसेच, गोड सोडले म्हणून गाऊटचे औषध सोडू नये. पथ्य औषधाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

आता घरचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतली साखर मिळून मोठ्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी. २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. २५ ग्रॅम म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे. पाच माणसांच्या घराला महिन्याचे पावणेचार किलो झाले, आणि त्यात गूळ, बिस्किटे, बाटलीतली पेये सगळे आले. मी आमची यादी काढून पाहिली. साखर पाच किलो, गूळ दोन किलो, बाकीचे वेगळेच!

एकदम सगळे तोडले असते तर मामंजी रुसले असते. म्हणून दर पंधरवड्याला चहातली साखर अर्धा चमचा कमी केली. रस बंद केला आणि डॉक्टरांना विचारून बेताने फळ सुरू केले. वरणाची वाटी पानात परत आली, त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आता औषधाने आणि पथ्याने पाय शांत आहे. मूत्रपिंडांचे गेले ते परत आले नाही. राहिले ते टिकून आहे. मी पहिल्याच महिन्यात विचारले असते तर, ही रुखरुख मला आहे.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. यापुढे हळदीकुंकवाला आणि सभांना चहा बिनसाखरेचा करावा आणि साखर वेगळ्या वाटीत ठेवावी. जिला हवी ती घेईल; जिला नको तिला नको म्हणण्याचा संकोच पडणार नाही. आणि “माझ्या हातचं एवढं तरी घ्याच” हा आग्रह आपण सोडून देऊ या. पुढच्या महिन्याची वाण्याची यादी लिहिताना पावणेचार किलोचा हिशेब आठवावा, एवढे बोलून मी आपली रजा घेते.