पान क्रमांक ११२

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. त्यामुळे शोधनिबंधात लेखांचे संदर्भ अचूक कसे द्यावेत, या विषयावर मी बोलायला बसलोय हे ऐकून माझे प्राध्यापक मित्र हसतील. हसू देत. संदर्भ देण्याचा मला फारसा अनुभव नाही. पण माझा संदर्भ दिला गेल्याचा आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे.

१९९६ साली एका दिवाळी अंकात मी लेख लिहिला. आमच्या भागातल्या मुस्लिम घरांतली बोली मराठी कवितेत पहिल्यांदा कोणी आणली, हा त्याचा विषय. तो मान मी माझ्या शाळेतल्या गुरुजींना दिला. त्यांचा छोटासा संग्रह १९६४ सालचा, असं लिहून टाकलं. शेजारच्या तालुक्याच्या गावी शिंपीकाम करणाऱ्या एका कवीची पुस्तिका १९६९ची होती. त्यांना मी ‘गुरुजींच्या वाटेनं जाणारे’ एवढ्या तीन शब्दांत बसवलं. गुरुजींचा संग्रह माझ्याच घरात, ट्रंकेत होता. काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. आठवणीवर विसंबलो.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी त्या शिंपीकाम करणाऱ्या कवीची मुलगी दारात उभी राहिली. वडील तोवर गेले होते. तिच्या पिशवीत वडिलांची पुस्तिका होती आणि एका प्रबंधातल्या पानाची झेरॉक्स. चहा पुढे केला तर म्हणाली, “चहा नको चाचा. आधी हे वाचा. माझ्या अब्बांनी कुणाची नक्कल केली नव्हती.”

मी वाचलं. तिच्या वडिलांनी गुरुजींचं ‘अनुकरण’ केलं, असं प्रबंधात छापलं होतं. खाली तळटीप होती, आणि तळटिपेत माझं नाव. मी ट्रंक उघडली. गुरुजींच्या संग्रहावर साल होतं १९७४. म्हणजे आधी तिचे अब्बा आणि मग माझे गुरुजी. माझ्या लेखणीतून दहा वर्षं इकडची तिकडे झाली आणि एका माणसाचा आयुष्यभराचा मान गेला. मी काय बोलणार? मान खाली घालून बसलो.

नंतर शोध घेतला. प्रबंधानंतर आणखी दोन शोधनिबंधांत तेच विधान आलं होतं. तिन्ही ठिकाणी माझं नाव, दिवाळी अंकाचं नाव, वर्ष आणि पुढे ‘पृ. ११२’. आता गंमत बघा. माझा लेख त्या अंकात ११९ ते १२४ या पानांवर आहे. ते वाक्य १२१व्या पानावर आहे. ११२व्या पानावर एका साडीच्या दुकानाची जाहिरात आहे! पहिल्या अभ्यासकाच्या हातून आकडे उलटसुलट झाले असणार. होतं असं. पण पुढच्या दोघांनी नेमकी तीच चूक कशी केली? त्यांनी अंक उघडलाच नव्हता. तळटीप तेवढी उचलली होती.

तुम्ही म्हणाल, उघडला असता तरी चुकीचं साल तर तुमचंच होतं. खरं आहे. पण उघडला असता तर त्यांना दिसलं असतं की माझ्या लेखात कुठेच आधार दिलेला नाही. शहाणा माणूस तिथे थबकतो. ‘याला हे कुठून कळलं?’ असं विचारतो.

म्हणून तरुण अभ्यासकांना सांगतो. लेखाचा संदर्भ देताना लेखकाचं नाव, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड, अंक आणि लेखाची पहिली ते शेवटची पानं एवढं तरी द्या. वर्तमानपत्र असेल तर तारीख आणि आवृत्ती द्या. संपादित पुस्तकातला लेख असेल तर लेखकाचं नाव आधी, संपादकाचं नंतर. लिहिलं एकानं आणि श्रेय संपादकाला, असं होऊ नये. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे ज्या त्या पद्धतीप्रमाणे ठरतं. आपल्या विभागाची पद्धत विचारून घ्या. पण सगळ्यांत मोठा नियम एकच. जे पान स्वतः पाहिलं, त्याचाच संदर्भ द्या. दुसऱ्याच्या लेखातून घेतलं असेल तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

हे काही लहानसहान लोकांच्याच बाबतीत घडतं असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. अनेक ठिकाणी त्याचा संदर्भ ‘खंड ४१’ असा आढळतो. आता हिशेब करा. हे नियतकालिक मुंबईत १८७२ साली सुरू झालं, वर्षाला एक खंड. एक्केचाळिसावा खंड येतो १९१२चा. १९१७चा खंड शेहेचाळिसावा. बोटांवर मोजता येईल अशी गोष्ट, पण एकाचं पाहून दुसरा लिहीत राहिला.

लहानपणी मौलवीसाहेबांकडून हदीसच्या सनदेबद्दल ऐकलं होतं. पैगंबरसाहेबांचं वचन सांगायचं तर ते कोणी कोणाकडून ऐकलं, ही सगळी साखळी आधी सांगायची. नवव्या शतकात इमाम बुखारींनी या साखळ्या पारखून आपला संग्रह सिद्ध केला. सांगणारा खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट होणं शक्य होतं का, हे सगळं तपासलं जाई. मधली कडी तुटली की वचन ‘जईफ’, म्हणजे दुबळं ठरे. हे मला ठाऊक होतं. तरीही लेख लिहिताना माझी साखळी माझ्या आठवणीपाशीच संपली.

आता तर जोखीम वाढली आहे. संगणकाला विचारलं की तो क्षणात संदर्भांची यादी देतो, आणि त्यात कधी कधी जगात नसलेले लेखही असतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असेच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि दंड ओढवून घेतला. आपल्याकडे वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. मजकूर किती जुळतो, हे यंत्र मोजतं. पण तुम्ही पान उघडलं होतं की नाही, हे यंत्राला कळत नाही. ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

मी काय केलं? एका नियतकालिकात चुकीची दुरुस्ती छापून आणली. तिन्ही अभ्यासकांना पत्रं लिहिली. एकानं उत्तर दिलं. प्रबंध मात्र ग्रंथालयात आहे तसाच आहे. छापलेलं पुसता येत नाही.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी याच विषयावर लिहिते म्हणून माझ्याकडे आली. ‘सर, तुमचा दिवाळी अंकातला लेख हवा होता,’ म्हणाली. मी तिला लेख दिला, सोबत दुरुस्ती दिली आणि दोन्ही पुस्तिका समोर ठेवल्या. म्हटलं, ‘माझं ऐकू नकोस. तू स्वतः बघ.’ तिनं शिंप्याची पुस्तिका उघडली आणि वहीत नोंद केली. कवीचं नाव, पुस्तिकेचं नाव, गाव, वर्ष १९६९. प्रकाशकाच्या जागी पुन्हा कवीचंच नाव होतं. कपडे शिवून जमवलेल्या पैशांतून त्यांनी ती छापली होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मुलीला फोन केला आणि ती नोंद वाचून दाखवली. ती म्हणाली, “पुन्हा एकदा वाचा, चाचा.” मी पुन्हा वाचली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)