अशक्य आणि भरंवसा

जें आपल्या हातचें नाहीं तें देवावर सोपवावें, असें आपण सारेच म्हणतों. परंतु सोपविणें म्हणजे नेमकें काय करणें, असें कोणीं विचारलें तर उत्तर देणें कठीण पडतें. कोणाला वाटतें, सोपविलें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसावें. कोणाला वाटतें, श्रद्धा खरी असेल तर मागितलेलें मिळालेंच पाहिजे. पहिल्या समजुतीनें माणूस आळशी होतो, दुसरीनें निराश होतो. धानोऱ्यासारख्या रानांतल्या गांवीं मुलांना धडे देण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें तत्त्वज्ञान सांगूं नये हेंच बरें. म्हणून आपणां सर्वांना नांवानें परिचित असलेल्या एका बाईंचेंच उदाहरण घेतों. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून घरांतल्या स्त्रियांना संस्कृत शिकविलें. पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडणाऱ्या या कुटुंबावर १८७० नंतरच्या दशकांत दुष्काळ कोसळला, आणि वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. पुढें विवाह झाला. पण दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, १८८२ सालीं, वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें, तें पुढें पुण्यास नेलें. त्यावरून महाराष्ट्रांत मोठा वाद माजला, आणि १८९३ सालीं रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनींही सदनाशीं असलेला संबंध सोडला. त्या वादांत आज मला शिरावयाचें नाहीं. बाई त्या वेळीं किती एकट्या पडल्या होत्या, एवढेंच ध्यानांत घ्यावें.

अशा स्थितींत १८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. आमचा आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूखही तेव्हां त्याच प्रांतांत होता. भूक काय असते हें रमाबाईंना पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि तीनशें मुली वांचवून आणावयाच्या असा त्यांनीं निश्चय केला. अमेरिकेंतल्या मित्रमंडळींकडून येणारा पैसा जेमतेम पन्नास मुलींच्या पोषण-शिक्षणाला पुरे, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे; आणि ती मदतही दहाच वर्षांच्या बोलीची, म्हणजे लवकरच संपणारी. शाळेंतल्या त्रैराशिकानें हें उदाहरण सुटत नाहीं. पन्नासांच्या अन्नांत तीनशें बसविण्याची रीत माझ्या फळ्यावर मला कधींच मांडतां आली नसती.

रमाबाईंना हिशेब येत नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. आंकडे त्यांनीं झांकले नाहींत. आंकडे पाहूनच त्यांनीं देवाजवळ मागितलें, आणि मागून झाल्यावर त्या घरीं बसल्या नाहींत. मुली आल्या. पुण्यांत प्लेगाची सांथ सुरू झाली, तेव्हां त्यांना शहरांत ठेवणें अशक्य झालें. केडगांवच्या माळावर बाईंनीं आधींच जमीन घेऊन ठेविली होती, तेथें मुलींना हलविलें. १८९८ सालीं तेथें मुक्तिसदनाचा पाया घातला गेला. विहिरी खणल्या, झाडें लाविलीं, माग बसविले, छापखाना काढला. पुढें गुजराथच्या दुष्काळांतील मुलीही आल्या, आणि १९०० सालच्या सुमारास तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

आमच्याकडचा धानकरी मृगाच्या सुमारास घरांत खाण्याजोगें उरलेलें धान पऱ्ह्यासाठीं मातींत टाकतो. पाऊस त्याच्या हातचा नसतो. पण बीं टाकणें त्याच्याच हातचें असतें. बीं कणगींत ठेवून पावसाची प्रार्थना करणाऱ्याला आम्ही भाविक म्हणत नाहीं. रमाबाईंचा भरंवसा या जातीचा होता.

आतां दुसरी समजूत पाहूं. माणसाला न साधणारें देवाला साधतें, अशा अर्थाचें जें ख्रिस्तांचें वचन आहे, तें शुभवर्तमानांत कोणत्या प्रसंगीं आलें आहे? संपत्ति सोडवेना म्हणून एक धनवान मनुष्य खिन्न होऊन परत गेला, आणि मग तरावें तरी कोणीं, असें शिष्यांनीं विचारलें, तेव्हां. म्हणजे तें वचन आपल्या मनोरथांच्या पूर्ततेविषयीं नसून माणसाचें मन पालटण्याविषयीं आहे. गेथशेमाने बागेंत स्वतः ख्रिस्तांनींही, पित्याला सारें शक्य आहे असें म्हणून, दुःखाचा पेला दूर करावा अशी विनवणी केली, आणि लगेच निर्णय पित्याच्या इच्छेवर सोडला. पेला दूर झाला नाहीं.

रमाबाईंचाही झाला नाहीं. जी मनोरमा आपल्यामागें सारें काम सांभाळील अशी आशा होती, ती १९२१ सालीं आईच्या डोळ्यांदेखत गेली. तीनशें मुलींसाठीं जिची प्रार्थना ऐकली गेली, तिला आपली एकुलती एक मुलगी राखतां आली नाहीं. हें असें कां, याचें उत्तर मजजवळ नाहीं, आणि जो तें चटकन् देतो त्याच्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाहीं.

पण त्यानंतर त्या काय करीत राहिल्या हें सांगतां येतें. खेड्यांतल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठींत सबंध बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं कित्येक वर्षें चालविलें होतें. त्यासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला होता. मुक्तीच्याच मुली खिळे जुळवीत होत्या, छापीत होत्या. कन्या गेल्यावरही बाई मुद्रितें तपाशीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. बाईंनीं तें बांधलेल्या रूपांत पाहिलें नाहीं. केडगांवची संस्था मात्र आजही निराधार स्त्रिया व मुलें यांना आश्रय देत आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाच्या घरीं न उठणारें दुखणें असेल, कोणाच्या शिरावर न फिटणारें कर्ज असेल. त्यांना मी चमत्काराचें आश्वासन देऊं शकत नाहीं. अडचणीचा आंकडा पुरता मांडावा, मागावयाचें तें मोकळ्या मनानें मागावें, आणि आज आपल्या हातून होण्याजोगें जें एक काम असेल तें आजच करावें. उत्तर कोणत्या रूपानें यावें, तें ज्याच्याकडे मागितलें त्याच्याकडे राहूं द्यावें. भरंवसा याहून मोठा नसतो, आणि याहून सोपाही नसतो.